सगळ्यांनी सांभाळलेला रोजा

सोमवार

आज रमजान लागला. म्हणजे बाकीच्यांना लागला. ह्या वर्षी मी रोजे धरणार नाही, हे बायको गेली त्याच आठवड्यात ठरवून टाकलंय. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही, आणि वाद घालायला आता घरात कोणी नाही.

वही मुलीने पाठवली. "अब्बा, रोज चार ओळी लिहीत जा, मन मोकळं होतं." माझं मन मोकळंच आहे, जरा जास्तच मोकळं झालंय. पण ती फोनवर विचारते, लिहिलं का, आणि मला खोटं बोलायचा कंटाळा येतो, म्हणून लिहितोय.

तर पहाटे निवांत झोपलो होतो आणि उशाशी भिंतीवर ठक, ठक, ठक. शेजारच्या हेडबाई. निवृत्त होऊन जमाना झाला, शाळा सुटली, हातातली लाकडी पट्टी काही सुटली नाही. आमची झोपायची खोली आणि त्यांचं स्वयंपाकघर ह्यांत एकच भिंत आहे. फार पूर्वी एका रमजानात आम्हा दोघांना जागच आली नाही. हिने सहरी, म्हणजे पहाटेचं खाणं, न खाताच रोजा धरला आणि दुपारी चक्कर येऊन पडली. तेव्हापासून उठवायचं काम हेडबाईंनी अंगावर घेतलं. आंघोळ-पूजेसाठी त्या तशाही अंधारातच उठतात. पट्टीने भिंत ठोकायची आणि आम्ही उलट ठोकेपर्यंत थांबायचं नाही. हिला त्या धाकटी म्हणायच्या. धाकटी गेली तशी ही ठोकाठोकही गेली, असं मी धरून चाललो होतो. कसलं काय.

उलट ठोकलं आणि पांघरूण ओढलं. तर भिंतीपलीकडून आवाज, "दातवाले, भांडी वाजली नाहीत अजून."

मग उठलो. रिकाम्या पातेल्यात डाव फिरवत पहाटेच्या फजरची अजान होईपर्यंत ओट्याशी उभा राहिलो. साठीला आलेला माणूस.

मंगळवार

दातवाले म्हणजे मी. आमचं कवळ्यांचं छोटं दुकान आहे. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, आम्ही मेणात दात बसवून बघतो आणि मग पक्की कवळी करतो. आम्ही म्हणजे मी आणि पॉलिश. हे त्याचं नाव नव्हे, काम. मी बसवलेले दात तो घासून गुळगुळीत करतो, कुठे बोचणार नाही असे. स्वभावानेही तो तसाच आहे. दर रविवारी चर्चला जातो आणि सोमवारी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, म्हणून आमचं इतकी वर्षं जमलं.

आज चहावाला दारात आला. मी हात पुढे केला तर तो मागे सरकला. "विसरलोच उस्ताद, तुमचा रोजा," असं म्हणत कानाला हात लावून निघून गेला. पॉलिशने आपला चहा उचलला आणि फुटपाथवर जाऊन उभ्याने प्यायला. मी म्हटलं, अरे इथेच पी, मला काही होत नाही. तर म्हणतो, "तुम्ही असं म्हणणारच हो."

दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा कोपऱ्यावरच्या खानावळीत शिरलो. मालक गल्ल्यावरून उठून लगबगीने पुढे आला. "काही निरोप होता का?" रोजेदार माणूस खानावळीत जेवायला कशाला येईल, हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की मी म्हटलं, हो, पॉलिश आलाय का बघत होतो. पॉलिश दुकानात बसला होता. घरी जाऊन खावं तर दुपारभर हेडबाईंचं दार उघडं असतं, आणि त्यांच्या नाकाला माझ्या ओट्यावरचं सगळं कळतं. शेवटी दुकानात मागे, जिथे मापांचे साचे ओततो त्या प्लॅस्टरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून नळाचं पाणी तेवढं प्यायलो.

सगळ्या जगाने माझा रोजा धरलाय, मी सोडून.

गुरुवार

पॉलिशचं वय झालं. आज जेवायला घरी जातो म्हणाला आणि डबा प्लॅस्टरच्या खोलीत विसरून गेला. घरी जेवायचं होतं तर डबा आणला कशाला, हेही त्याला सुचलं नसावं. पाव होता, उकडलेली अंडी होती, कांदा होता. दोन घास खाऊ म्हणून बसलो आणि डबा पुसून काढला. नंतर झाकण लावून होता तिथेच ठेवला. तो परत आल्यावर डबा उचलून पिशवीत टाकला. हलका लागला असणार, पण त्याच्या काही लक्षात आलं नाही. असा निष्काळजी माणूस कवळ्यांवरून हात फिरवतो, म्हणजे आता मलाच लक्ष द्यायला हवं.

शुक्रवार

जुम्याला गेलो नाही. मुलीचा फोन आला. "गर्दी होती का हो अब्बा?" म्हटलं, होती.

आता हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे परत लिहायला नको. हॉस्पिटलात हिचा शेवटचा दिवस. डॉक्टर म्हणाले, आमच्या हातात आता काही नाही, वरच्याला विचारा. म्हटलं ठीक आहे, त्याला विचारतो. बाहेर बोळात चादर टाकली आणि नमाजला उभा राहिलो. आयुष्यभर त्याच्याशी कधी घासाघीस केली नव्हती. घर मागितलं नव्हतं, मुलगा मागितला नव्हता. हिला ठेव, एवढंच म्हटलं. सजद्यात होतो तेव्हा आतून हेडबाई येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. डोकं वर उचललं आणि त्यांचा चेहरा बघून कळलं. मी त्याच्यासमोर डोकं टेकून बसलो असताना त्याने मागच्या दाराने हिला नेलं. मी तिच्या उशाशीही नव्हतो. इतक्या वर्षांच्या ओळखीत असं कोणी वागतं का?

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे. नास्तिक वगैरे मी झालेलो नाही. तो आहे, हे मला पक्कं माहीत आहे. नसता तर एवढा राग कोणावर काढला असता.

हेडबाईंशीही तेव्हापासून धड बोललेलो नाही. त्या आत होत्या आणि मी बाहेर, हे काही केल्या पचत नाही.

रविवार

इमारतीची मिटिंग. सेक्रेटरीने विषय काढला, पहाटेची ठोकाठोक. "मला कोणाच्या धर्माबद्दल काही बोलायचं नाही," अशी त्याने सुरुवात केली, म्हणजे काय बोलायचंय ते सगळ्यांना कळलं. "पण काही लोकांच्या उपासासाठी अख्ख्या मजल्याने का उठायचं?"

सेक्रेटरीचं म्हणणं मला आयुष्यात पहिल्यांदा शंभर टक्के पटत होतं. उठून म्हणणार होतो, बंद करा हो, माझी काही हरकत नाही. तेवढ्यात हेडबाई उभ्या राहिल्या.

"ठोकते मी. भिंत माझी, पट्टी माझी. काही लोक म्हणजे कोण?"

"बाई, पण कारण त्यांचं आहे ना."

"तुमचा मुलगा परीक्षा आली की पहाटे मोठ्याने पाठ करतो. मी कधी म्हटलं, काही लोकांच्या परीक्षेसाठी मी का उठू? उलट दोनदा भिंतीतून त्याचे उच्चार सुधारलेत."

लोक हसले. सेक्रेटरीही हसला, कारण मुलगा खरंच पास झाला होता. पण बाईंचं संपलेलं नव्हतं. त्या शाळेतल्यासारख्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हा माणूस बायको गेल्यावरही एकटा उठतो, एकटा खातो, दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. ह्या इमारतीत एवढ्या नेमाने काही करणारा दुसरा दाखवा मला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

बोलायला काय जात होतं माझं? पण बोललो असतो तर तो 'काही लोक'वाला सेक्रेटरी जिंकला असता, आणि बाई एवढ्या लोकांत तोंडावर पडल्या असत्या. त्यापेक्षा पातेलं वाजवलेलं परवडलं. ठोकायचं पण हळू, असा तोडगा निघाला. जिना चढताना बाई म्हणाल्या, "घाबरू नका, मी आहे." डोक्याला ताप नुसता.

मंगळवार

एक मात्र बरं झालंय. पूर्वी ठोकून झालं की मागोमाग बाईंची पूजेची घंटा वाजायची आणि उदबत्तीचा वास खिडकीतून थेट नाकात. हिला तो आवडायचा, मला शिंका यायच्या. हल्ली दोन्ही बंद. ठोकतात आणि मग पलीकडे सगळं सामसूम. फुलवालाही त्यांच्या दाराशी न थांबता सरळ वर जातो. माझ्या सहरीत व्यत्यय नको म्हणून केलं असणार. आता आमच्यापायी स्वतःच्या देवालाही गप्प बसवलंय बाईंनी. ह्या उपकारांखाली मी एक दिवस चेंगरून मरेन.

पॉलिश आजही डबा विसरला. गेल्या आठवड्यापासून रोजचंच झालंय. डब्यात दोन चमचे का असतात, कळत नाही. शिवाय आज घासता घासता मध्येच विचारतो, "उस्ताद, तुम्हाला तिखट चालतं ना? म्हणजे संध्याकाळी, इफ्तारला." म्हटलं, चालतं. नसत्या चौकशा.

गुरुवार

मशिदीचे इमामसाहेब आले होते. वरचे दात सगळे गेलेत आणि जुनी कवळी सैल झाली आहे. रमजानात रात्री उभं राहून लांबलचक पढावं लागतं, कवळी हलते आणि अक्षरं घसरतात. अरबीत एक ज़ाल म्हणून अक्षर आहे. ते म्हणताना जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला टेकावं लागतं. दात जरा आत बसले की त्या ज़ालचा साधा ज होतो, आणि इमामाने तसं पढलं तर मागच्या रांगेतले म्हातारे खोकायला लागतात. डॉक्टर लोक कवळी नीट बसली का बघायला माणसाला आकडे म्हणायला लावतात. इमामसाहेबांचं आकड्यांनी भागत नाही.

मेणाची कवळी घालून बघायला ते भर दुपारी आले. "गिळलं नाही म्हणजे रोजा शाबूत," म्हणाले. मी नुकताच पॉलिशचा डबा संपवून बाहेर आलो होतो.

त्यांचा ज़ाल काही जमेना. मला म्हणाले, "तुम्ही म्हणून दाखवा. तुमची जीभ कुठे टेकते ते बघतो." मी टाळायला बघितलं. ही गेल्यापासून कुराणातली एकही आयत तोंडातून काढलेली नाही. पण गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं, मेण गार होत चाललेलं, करता काय. नमाजात रोज म्हणतात तीच ओळ म्हटली. ओळ तोंडात अजून जशीच्या तशी होती, त्याचाच राग आला. इमामसाहेबांनी तोंड अगदी माझ्या तोंडाजवळ आणलं, निरखून बघितलं, मग जरा मागे सरकले आणि हसले. उच्चार आवडला असणार.

"परत म्हणा."

परत म्हटलं. कामासाठी म्हटलंय, तेव्हा ते धरायचं नाही. पुढचे दात केसभर बाहेर घेतले आणि त्यांचा ज़ाल सुटला. म्हातारा एवढा खूश झाला की तीच ओळ खुर्चीत बसून चार-पाचदा म्हणाला.

सहज विचारलं, "एक गिऱ्हाईक विचारत होतं. माणूस अल्लाहवर रागावला आणि नमाज-रोजा सोडून बसला, तर काय?"

"कोण गिऱ्हाईक?"

"आहे एक. हट्टी आहे जरा."

"त्याला सांगा," मेणाची कवळी काढून माझ्या हातात देत ते म्हणाले, "भांडायचं तर समोर येऊन भांड. घरात बसून भांडलास तर दोन्हीकडचं तुलाच बोलावं लागेल. दमशील." मग दारापर्यंत जाऊन वळले. "आणि मशिदीत येताना कांदा खाऊन येऊ नकोस म्हणावं."

हे कांद्याचं मध्येच कुठून आलं, कळलं नाही. वयाबरोबर माणूस भरकटतो.

शनिवार

वाईट झालं.

हेडबाई दुकानात कधी येत नाहीत. आज आल्या. त्यांची वरची कवळी, मीच केलेली, धुताना हातातून सुटून बेसिनमध्ये पडली आणि दोन तुकडे झाले. पॉलिश बाहेर गेला होता. पदर तोंडाला लावून बाई थेट आत आल्या, आणि प्लॅस्टरच्या खोलीचं दार उघडं होतं. मी स्टुलावर बसलो होतो, मांडीवर डबा आणि तोंडात अख्खं अंडं. धड गिळता येईना की बाहेर काढता येईना.

बाईंनी बघितलं. डबा बघितला, मला बघितलं. रुमालातली पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. एक शब्द नाही. दात नसताना त्या चारचौघांत तोंड उघडत नाहीत, तेव्हा ते गप्प राहणं दातांमुळे की रागामुळे, हे कळायला मार्ग नाही.

पॉलिश आल्यावर त्याला सांगितलं, बाईंची कवळी आलीय, आधी ती घे. तो डब्याकडे बघून म्हणाला, "बाई आत आल्या होत्या का?" आणि उगाचच त्याचाच चेहरा पडला.

रविवार

पहाटे भिंत गप्प.

जाग आलेली होती. वाट बघत पडून राहिलो. हेच तर मला हवं होतं, पहिल्या दिवसापासून. पांघरूण आहे, काळोख आहे, कोणी उठवणारं नाही. आणि झोप म्हणून येईना. शेवटी उठून ओट्याशी गेलो आणि पातेलं वाजवलं. चांगलं खणखणीत वाजवलं. पलीकडून काही नाही.

मुलगी इतक्या लांब. पॉलिश संध्याकाळी घरी जातो. ही गेल्यापासून ह्या घरात माझं नाव घेऊन, म्हणजे दातवाले तर दातवाले, पण मला हाक मारणारं माणूस एकच होतं. ते मी एका उकडलेल्या अंड्यापायी घालवलं.

सोमवार

कवळी काल सुटीच्या दिवशी बसूनच जोडली. पॉलिश चर्चमधून परस्पर आला आणि त्याने ती नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घासली. आज दुपारी घेऊन गेलो. बाईंनी दार उघडलं, हात पुढे केला, कवळी घेतली आणि आत गेल्या. दार लावलं नाही, म्हणून मी आत जाऊन बसलो.

दात घालून बाहेर आल्या आणि पहिलंच वाक्य, "किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी मिटिंगमध्ये तुमच्यासाठी घसा फोडत होते."

"मी नव्हतं सांगितलं फोडायला."

"भांडी वाजायची ती?"

"रिकामी."

त्या मटकन खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता पट्टी येते. नजर चुकवायला इकडेतिकडे बघायला लागलो, तर देवघराकडे लक्ष गेलं. पडदा ओढलेला. पडद्याच्या दांडीवर धूळ. खाली दिवा, त्यातली वात वाळून काळी पडलेली. बाई घरात धुळीचा कण टिकू देत नाहीत.

"बाई, हे काय?"

"विषय बदलू नका."

"दिवा कधीपासून लावला नाही?"

मग म्हणाल्या, "धाकटी गेली तेव्हापासून. तुम्ही बाहेर मागत होतात, मी आत बसून मागत होते. दोघांनी मिळून एक बाई मागितली. दोन्ही देवांपैकी कोणालाही ती द्यावीशी वाटली नाही. म्हटलं, बसा मग पडद्याआड."

ती घंटा, ती उदबत्ती, तो फुलवाला. आणि मी समजत होतो माझ्यासाठी.

"मग मला कशाला उठवत होतात?"

"म्हटलं, माझं बंद पडलं, पण एका घरात तरी चालू राहू दे. पहाटे तुमची भांडी वाजली की मग मला जरा झोप लागायची." एकदम चिडून म्हणाल्या, "तीही रिकामी निघाली."

दोघंही आपापल्या देवाशी अबोला धरून बसलेलो आणि एकमेकांपुढे मात्र शहाणी मुलं. तेव्हाच, का ते माहीत नाही, इतके महिने जे विचारलं नव्हतं ते तोंडातून निघालं. "शेवटी ती काही बोलली का?"

"आज विचारताय."

"आज विचारतोय."

"डोळे उघडून म्हणाली, हे कुठेत? मी म्हटलं, बाहेर नमाज पढतायत, बोलावते. उठले, तर माझा हात धरला. जोर नव्हता हातात, तरी सोडेना. म्हणाली, 'नको ताई, पढू दे त्यांना.' मग मी बसून राहिले. मग ती गेली."

मी म्हटलं, "हे मला इतक्या महिन्यांनी सांगताय?"

"कधी सांगणार? तुम्ही माझ्याकडे मान वर करून बघितलंत का एकदा तरी? भिंत ठोकायची, उलट ठोकायचं, एवढंच बोलणं उरलं होतं आपलं."

रडायला आलं. बाईंसमोर रडलो, लाज वाटली नाही. आणि राग तर असा आला की कोणाचा ते ठरवता येईना. सगळ्यात जास्त हिचाच आला. बोलवायचं होतं मला. नमाज काय, परत पढता आली असती. पण हिला ते तसं वाटलं नाही. मी तिथे उभा आहे, हे ऐकून हिचं काम झालं होतं. मी समजत होतो, त्याने मला बाहेर अडकवून ठेवलं. ठेवलं होतं हिने.

बाईंनी पाणी आणून दिलं. मग म्हणाल्या, "रोजा नाही तर पिऊन टाका." प्यायलो.

निघताना त्यांनी विचारलं, "उद्या ठोकू का?"

"तुम्ही दिवा लावणार असाल तर ठोका."

"मला अटी घालू नका. आधी तुम्ही."

"आधी तुम्ही."

"मी वयाने मोठी आहे."

"म्हणूनच आधी तुम्ही."

दारात उभं राहून हे किती वेळ चाललं कोण जाणे. गच्चीवरून सेक्रेटरीची बायको जिना उतरत होती, ती थबकून बघायला लागली तेव्हा बाई म्हणाल्या, "ठोकणार. उठायचं तर उठा. दिव्याचं माझं मी बघीन." आणि दार लावलं.

मंगळवार

ठोकलं. उलट ठोकलं. पातेल्यात दूध होतं, तापवलं, पाव बुडवून खाल्ला. पाणी पोटभर प्यायलो आणि अजानच्या आत थांबलो. रोजा धरला होता, पण कोणासाठी धरला हे अजून मी वरच्याला सांगितलेलं नव्हतं.

दिवस जाता जात नव्हता. दुपारनंतर डोकं ठणकायला लागलं, चहावाल्याला बघून तर शिवी आली तोंडात. पॉलिश डबा विसरून घरी गेला. मी प्लॅस्टरच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी त्याने डबा उचलला आणि हातात धरून तसाच उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, विसरतोस काय रोज?" तो म्हणाला, "हो उस्ताद, लक्षातच राहत नाही. आता नाही विसरणार." मग नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत बसला. डोळ्यांत प्लॅस्टरची धूळ गेली असेल.

इफ्तारला पाणी प्यायलो, खजूर खाल्ला. बाईंच्या दिव्याचं विचारायला गेलो नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही.

मग हातपाय-तोंड धुऊन वुजू केलं, चादर टाकली आणि उभा राहिलो. आधी बरंच बोलून घेतलं, साध्या आपल्या भाषेत. म्हटलं, हा रोजा तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे, आणि थोडा शेजारच्या बाईंसाठी. म्हटलं, तू चूक केलीस असंच माझं म्हणणं आहे आणि ते मी बदलणार नाही. म्हटलं, एवढं तरी सांग, ती माझ्यावर चिडली नव्हती ना? मग नमाज सुरू केली. ज़ाल आला तिथे जीभ बरोबर टेकली.

सजद्यात गेलो आणि डोकं वर उचलवेना. घाबरलो होतो, खरं सांगायचं तर. उचललं तेव्हा समोर कोणी उभं नव्हतं, नुसती भिंत होती. शेवटपर्यंत पढलो. दोन्हीकडे मान वळवून सलाम फेरला आणि उठलो नाही, तिथेच बसून राहिलो. त्याने काही उत्तर दिलं नाही. मीही माझा शब्द मागे घेतला नाही.